पुढचा ब्रेक

पोरा,

परवा तू गॅरेजवर आलास, मोबाईलवर ती साडेसहाशे सीसीची मोटरसायकल दाखवलीस आणि विचारलंस, "मेस्त्रीकाका, माझ्यासारख्या साध्या माणसाला झेपंल काय ही?" मी एका स्कूटरच्या कार्बोरेटरात डोकं घालून बसलो होतो. "बघूया की," म्हणालो आणि तुला वाटेला लावलं. संध्याकाळी कप गोळा करताना पाहिलं, तुझा चहा तसाच, वर साय धरलेली. एवढं मनात घेऊन आलेल्या पोराला मी "बघूया की" सांगितलं, ते रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हे पत्र. समोरासमोर बोलताना माझ्या हातात पाना असतो आणि लक्ष त्यातच अडकतं.

मामा म्हणतो मरणाची गाडी. बेळगावच्या उद्यमबागेतले दोस्त म्हणतात घे की लेका, पगार सुरू झालाय. बाबा गप्प. तू मधे लटकलेला. हेल्मेट घाल, पिऊन चालवू नको, हे मी लिहीत बसत नाही. तेवढं तुला कळत नसतं तर पत्र लिहायला बसलोच नसतो.

खरं तुझा प्रश्नच चुकलाय. झेपंल काय, ते इंजिनाकडं बघून विचारतोस. मी तुला विचारतो, पुढचा ब्रेक शेवटचा कधी दाबलास?

उत्तर मला ठाऊक आहे. बाबांची 2014 ची शंभरची गाडी, कॉलेजपासून तू फिरवतोस ती, माझ्याकडंच येते. मागचे ब्रेकशू मी दोनदा बदललेत. पुढचे अजून गाडीबरोबर आलेलेच आहेत. पायाच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि हाताच्या लिव्हरवर एक चरा नाही. सात-आठ वर्षं तू अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवतोयस, आणि आता म्हणतोस इंजिन सहापट मोठं आणू काय.

गाडी थांबवायला लागलास की सगळा भार पुढं येतो. बसवाल्यानं कचकन ब्रेक मारला की उभी माणसं कुठं जातात? पुढं. तसंच. पुढचं चाक रस्त्यात रुततं, मागचं हलकं होतं. त्या हलक्या चाकावर तू अख्खा पाय देऊन उभा राहतोस, मग ते जाम होतं आणि ढुंगण आडवं टाकून गाडी सरकते. थांबवायचं बहुतेक काम पुढच्या चाकाचं आहे. लिव्हर एकदम आवळायचा नाही. ओला फडका पिळतात तसा आधी हलका, मग घट्ट, आणि गाडी सरळ असतानाच. वळणात किंवा रेतीवर आवळलास तर पडशील, ते मी नाकारत नाही. म्हणून तर शिकायचं असतं.

"पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील." हे वाक्य तू ऐकलंयस, मीही ऐकलंय. माझ्या उस्तादानं मला सांगितलं आणि मी पंचवीस वर्षं शेकडो पोरांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. बाप लोक पोराची पहिली गाडी घेऊन यायचे आणि कानात म्हणायचे, "मेस्त्री, पुढचा जरा सैल करून ठेवा, पोरगं नवं आहे." मी दहाचा पाना घ्यायचो, केबलचा नट चार आटे फिरवायचो, लिव्हर हँडलला टेकेपर्यंत चाक धरायचं नाही असं करून द्यायचो. पैसेही घ्यायचो नाही. पुण्य केल्यासारखं वाटायचं. अशा किती गाड्या शहापूर-टिळकवाडीत फिरल्या असतील ते मोजायला बसलो की झोप येत नाही.

आता मामाच्या "मरणाच्या गाडी"बद्दल. 1983 साली राजदूत 350 निघाली, हॉर्सपॉवर तीसच्या आसपास, आणि लोक तिला मरणाची गाडी म्हणायचे. 1985 ला आरएक्स 100 आली, फक्त अकरा हॉर्सपॉवरची. तिलाही म्हणाले. तुझ्या साडेसहाशेला 47 आहेत. प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणाच्या गाडीपेक्षा मोठी गाडी राक्षस वाटते. मामानं स्वतः आरएक्स कशी पळवली ते त्यालाच विचार, मी सांगत नाही.

कॅम्पातले एक मेजरसाहेब बुलेट घेऊन यायचे. त्यांनी एकदा मला एका अमेरिकन अहवालाबद्दल सांगितलं. हॅरी हर्ट नावाच्या माणसानं लॉस एंजेलिसमधे मोटरसायकलचे 900 अपघात जागेवर जाऊन तपासले, 1981 ला ते छापलं. मला वाटलं होतं, निघतील सगळे शंभरच्या वर पळवणारे. निघालं भलतंच. निम्मे अपघात तर असे, की गडबड सुरू झाली तेव्हा गाडी ताशी 48 किलोमीटरच्याही खाली होती. अर्ध्याहून जास्त चालकांना ती गाडी हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. जवळजवळ सगळे कुणा दोस्ताकडून, भावाकडून, नाहीतर आपलं आपणच शिकलेले. आणि ज्यानं मी हातातला पाना खाली ठेवला ते हे: बहुतेकांनी आयत्या वेळी मागचा ब्रेक जाम केला आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाही. अमेरिकेतसुद्धा. म्हणजे माझा उस्ताद तिकडंही होता.

त्याच अहवालात मोठ्या गाड्यांबद्दलही आहे. अपघातात त्यांचा वाटा रस्त्यावरच्या त्यांच्या संख्येपेक्षा कमी निघाला, खरं अपघात झालाच तर मार जास्त बसला. तुझ्या दोस्तांना पहिला अर्धा भाग सांगशील तर ते टाळ्या वाजवतील. दुसरा अर्धाही सांग.

लॉस एंजेलिसचं हिंडलग्याला कसं लागू, म्हणशील. मग इथलं बघ. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. तुला दिसेपर्यंत आणि हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तोवर ब्रेक लागलेलाच नाही. वेग दुप्पट केलास की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. दुप्पट नव्हे, चौपट. ऊसाच्या हंगामात रात्री संकेश्वर-निपाणीकडं जा. ट्रॅक्टरमागं दोन डबे, मागं लाल दिवा नाही, एक टिपरी बाहेर लोंबतेय. हेडलाइटात तो डबा किती अंतरावर दिसतो ते एकदा नुसतं मोज. सुगीत खेड्यातून डांबरावर मळणीला पिकं पसरलेली असतात, त्या काडावर टायर बर्फावर गेल्यासारखा जातो. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं लाल चिखल, चोर्ल्यात धुकं. या रस्त्यांवर 47 हॉर्सपॉवरनं तुझं काय वाढणार आहे? ऊसाचा ट्रॅक्टर काही लवकर बाजूला होणार नाही. मोठ्या गाडीचं एकच खरं दुखणं आहे: ती तुला न कळता ताशी शंभरवर नेते. शंभरची गाडी ऐंशीला किंचाळायला लागते, सांगते तरी. ही शंभरला गाणं गुणगुणल्यासारखी चालते आणि तुला वाटतं साठच आहे.

तरीही इंजिनाला दोष देऊ नको. पुढचा ब्रेक येत नसेल तर शंभर सीसीही जास्तच आहे. येत असेल तर साडेसहाशेवर बोलूया.

एबीएस आहे ना त्यात, म्हणालास. आहे. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून सक्तीच झाली, छोट्या गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक जोडून द्यायला लावले. म्हणजे माणसं पुढचा दाबत नाहीत हे सरकारलाही कळलं, मला पंचवीस वर्षं कळलं नाही. खरं एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच. लिव्हर तुझ्या बदल्यात दाबत नाही.

आणि लायसन आहे म्हणून छाती काढू नको. आपल्याकडं अठरा वर्षं पूर्ण झाली, आरटीओत पाय न टेकता आठचा आकडा काढला, की त्याच कार्डावर शंभर सीसी चालव नाहीतर हजार. इंग्लंडात 19 वर्षांच्या पोराला परीक्षा देऊन 35 किलोवॅटपर्यंतची, म्हणजे साधारण 47 हॉर्सपॉवरची गाडी मिळते, त्याहून मोठी हवी तर दोन वर्षं थांबून परत परीक्षा, नाहीतर सरळ चोवीसाव्या वर्षी. तुझी साडेसहाशेची नेमकी त्या पस्तीसच्या रेघेवर बसते. म्हणजे तिकडच्या हिशोबात ती राक्षस नाही, मधली पायरी आहे. तू पहिल्या पायरीवरनं थेट उडी मारतोयस.

आता माझं ऐक. 1989. मी बावीसचा. गिऱ्हाईकाची एक जोरदार टू-स्ट्रोक दुरुस्त केली आणि ट्रायल म्हणून खानापूर रोडला काढली. माझी नव्हती, पहिल्यांदाच हातात आलेली. मागं माझा दोस्त. देसूरच्या अलीकडं दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला बघता बघता आडवा आला. वेग चाळीस-पंचेचाळीस असेल, उगाच फुगवत नाही. मी मागच्या ब्रेकवर उभा राहिलो. मागचं चाक डावीकडून पुढं निघालं, किटलीचा आवाज झाला, आणि मी रस्त्यावर बसून दूध वाहताना बघत होतो. सायकलवाल्याला खरचटलं. मला काही नाही. दोस्ताचा गुडघा गाडीखाली.

वीस वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की ब्रेक तापले होते, धरलेच नाहीत. गाडीनं घात केला. गाडीनं काही केलं नव्हतं, मीच तिचे ब्रेक आदल्या दिवशी नीट बसवले होते. उजव्या हाताची बोटं मी मुठीवर आवळून धरली होती, लिव्हरवर एकही नव्हतं. दोस्त अजून कपिलेश्वरला आला की पायऱ्या आडव्या पायानं उतरतो. मला आजवर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी तरी त्याच्याशी भांडलो असतो.

त्यातून मी काय शिकलो? काहीच नाही. घरी आल्यावर एवढंच ठरवलं की मोठी गाडी वाईट. म्हणून मुलानं विसाव्या वर्षी दोनशेची मागितली तेव्हा माझ्या घरात नको म्हणालो आणि शंभरची आणून दिली. तीही आणल्या आणल्या पुढची केबल सैल करून. चुकलो म्हणत नाही मी. बाप होतो. त्या वेळी जे कळत होतं ते केलं. तो धडधाकट आहे, हातपाय शाबूत आहेत, यात माझं काहीच नाही काय?

तो आता पुण्याला असतो. सणाला बसनं येतो म्हणतो. गेल्या गणपतीला आला, बूट दारात काढले. डाव्या बुटाच्या टोकावर, वरच्या बाजूला, बोटभर काळा घासलेला पट्टा. गियरचा. बसमधे बसून बुटाला तसा पट्टा पडत नाही. बॅगेला चेन स्प्रेचा वास. निपाणीत त्याचा कॉलेजचा दोस्त राहतो, गाडी तिथं लावून पुढं बसनं येतो, एवढं मला न सांगता कळलं. चाळीस वर्षं गाड्याच बघतोय मी. कोणती आहे ते माहीत नाही. विचारलं नाही. आईनं वाढलं, तो जेवला, मी पंख्याकडं बघत बसलो. एकच विचारायचं होतं, पुढचा ब्रेक तुला कुणी शिकवला? ते विचारायला तोंड नव्हतं, कारण मी शिकवला नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेजारचे हुबळीचे आजोबा निघताना त्याला म्हणाले, "सावकाश होग्री," म्हणजे सावकाश जा. मी तेवढंही म्हणालो नाही.

असो. तुझ्याबद्दल बोलत होतो. बुकिंग करू नको आत्ता, पळून जात नाही शोरूम. रविवारी सकाळी सहाला बाबांचीच गाडी घेऊन गॅरेजवर ये. येळ्ळूरच्या बाजूला एक सरळ, रिकामा रस्ता आहे. चुन्याची एक रेघ मारू. तीसनं यायचं, रेघेवर ब्रेक, थांबली तिथं दगड ठेवायचा. आधी फक्त मागचा. मग फक्त पुढचा. मग दोन्ही. दगड तुझे तूच बघ, मी बोलणार नाही. वीस वेळा, मग चाळीसनं वीस वेळा. दोन बोटं लिव्हरवर कायम, चहाच्या टपरीसमोर उभा असलास तरी. असे पाच महिने. मग शोरूमला मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, मामाला काय सांगायचं ते मी सांगतो.

चप्पल घालून आलास तर परत पाठवीन. नाडीचे बूट.

तुझा,
मेस्त्रीकाका

ता. क. उद्या दुपारी गाडी एक तास माझ्याकडं सोडून जा, पुढची केबल ताणून देतो. तू कॉलेजला लागलास तेव्हा बाबा घेऊन आले होते, मीच सैल केली होती. बाबांना काही बोलू नको.