आंब्याखालची बैठक आणि पाच लाखांचं कर्ज

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे: घरामागे सासऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवलेला रायवळ आंबा आहे. डिसेंबरमधल्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीआधी त्याच्याभोवती बसायची जागा करायची आहे. कोटेशन ५ लाख ८० हजारांचं. ९ लाखांची एफडी न मोडता ५ लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का? मुलगी अकरावीत, यजमानांच्या निवृत्तीला चार वर्षं, महिन्याला साधारण २२ हजार शिल्लक पडतात.

ताई, नमस्कार. कर्ज घेऊ नका. एफडीही मोडू नका. पण बैठक मात्र नक्की करा.

१३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ५ लाख घेतले, तर हप्ता सुमारे ११,४०० रुपये बसतो आणि व्याजाचेच १ लाख ८२ हजारांच्या आसपास जातात. शिवाय शेवटचं वर्षभर हा हप्ता पेन्शनमधून भरावा लागेल. एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगची आहे, तिला हात लावायचा नाही हे तुम्हीच लिहिलंय आणि ते अगदी बरोबर आहे.

आता कोटेशन पाहू, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. बुंध्याभोवती भराव टाकून काँक्रीटचा पार १ लाख १० हजार, उरलेल्या अंगणात कोबा करून टाइल्स १ लाख ६० हजार, पर्गोला (खांबांवरचा उघडा मांडव) १ लाख ४५ हजार, ओटा आणि सिंक ९५ हजार, दिवे-फर्निचर ७० हजार. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्यांना हवा लागते. वर कोबा आला की ती गुदमरतात, आणि भरावात गाडलेल्या बुंध्याची साल कुजते. माझ्या एका अशिलाकडे असाच पार बांधला होता. पहिल्या वर्षी काहीच कळलं नाही, तिसऱ्या वर्षी शेंडे वाळले. मग झाड उतरवण्याचा खर्च वेगळा आणि उघड्या उन्हात तापलेल्या टाइल्सवर कोणी बसेना.

म्हणजे पहिल्या दोन रकमा, २ लाख ७० हजार, झाडाला मारण्यासाठीच आहेत. आणि एवढी सावली डोक्यावर असताना पर्गोला कशाला?

त्याऐवजी बुंध्यापासून चार-पाच फूट जागा मोकळी सोडा, तिथे पालापाचोळा पडू द्या. त्यापुढे वाळूवर सुट्या शहाबादी फरश्या, सांध्यात सिमेंट नको. दोन बाकं, साधे दिवे. ओट्याची गरज नाही, शेगडी बाहेर नेता येते. गाद्या-उशा मात्र कायमच्या ठेवू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि कापड वाया जातं.

सगळं मिळून सव्वा लाखात बसवा. जो हप्ता बँकेला देणार होतात, तोच ११,४०० आरडीत टाका. अकरा महिन्यांत रक्कम उभी राहते आणि व्याज उलट तुम्हाला मिळतं. यातले पहिले पैसे झाडावर खर्च करा: जाणकाराकडून खोडकिडा, वाळवी आणि वाळलेल्या फांद्या तपासून घ्या. खाली माणसं बसणार आहेत.

ठेकेदार ‘दोन मोठ्या फांद्या उडवू’ म्हणाला, ते नगरपालिकेच्या परवानगीशिवाय होऊ देऊ नका. शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री ठरतं. तुमचा आंबा त्यात बसतो.

राहिली डिसेंबरमधली सासूबाईंची पंचाहत्तरी. तोवर फरश्या होणार नाहीत. अंगण सारवून घ्या, मांडववाल्याकडून खुर्च्या आणि दोन सतरंज्या आणा. सासूबाईंची खुर्ची बुंध्याजवळ ठेवा.