कलादालनाच्या वाटेवर: एका विद्यार्थिनीला पत्र

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत चांगली श्रेणी मिळाल्याचे वाचून आनंद झाला. पत्राचा पुढचा सूर मात्र मला तितकासा पटला नाही. घरात कलेचे वातावरण नाही, आई दिवसभर विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात आणि सोलापुरात पाहण्याजोगे चित्र कुठे टांगलेले नसते, मग चित्रकार व्हायचे तर प्रेरणा आणायची कोठून, असे तू विचारतेस. मुंबईची कलादालने पाहिल्याशिवाय काही खरे नाही, असा निष्कर्षही तू काढून ठेवला आहेस. दालने पाहायलाच हवीत, याबद्दल वाद नाही, आणि ती कशी पाहावीत हे मी पुढे लिहिणारच आहे. पण आईचा उल्लेख तू अडचणींच्या यादीत केला आहेस, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी लागेल.

पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की आईच्या कष्टांचे पांग फेडायचे आहेत. भावना चांगली आहे आणि ती तशीच राहू दे. मात्र त्या भावनेतून कागदावर रेघ उमटत नाही. शाळांच्या चित्रकला स्पर्धांचे परीक्षण करताना ‘माझी आई’ या विषयावरची चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या आया एकाच साच्यातल्या असतात: डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी, मागे चूल किंवा समई. आई म्हणजे त्याग, हे आधीच ठरवून टाकले की समोर बसलेली बाई दिसेनाशी होते. तू तिच्या त्यागाऐवजी तिच्या कामाकडे पाहावेस, असे माझे म्हणणे आहे.

भिजवलेले तेंदूपान हातात घेतल्यावर तुझी आई सर्वांत आधी काय करते, हे तू कधी नीट पाहिले आहेस का? ती शिरा कोणत्या बाजूने गेल्या आहेत हे पाहते, भोक आणि डाग कुठे आहेत हे पाहते, आणि मगच मापाचा पत्रा पानावर अशा बेताने ठेवते की खराब भाग बाहेर राहावा आणि एका पानातून जास्तीत जास्त तुकडे निघावेत. पाने वजनावर मिळतात, विड्या मात्र मोजून द्याव्या लागतात. पान वाया गेले तर त्याचा भार तिच्यावरच पडतो. म्हणजे कात्री चालण्यापूर्वी त्या पानावर एक पूर्ण मांडणी झालेली असते. दिलेल्या आकारात काय ठेवायचे, काय सोडायचे आणि उरलेल्या जागेचे काय करायचे, हाच प्रश्न चित्रकाराला कोऱ्या कागदापुढे पडतो. आपण त्याला संयोजन असे भारदस्त नाव देतो, इतकेच. पुढे तंबाखू किती घ्यायची हे ती चिमटीने ठरवते. विडी सैल झाली तर उलगडते, घट्ट झाली तर ओढली जात नाही. मधली नेमकी जागा तिच्या अंगठ्याला माहीत असते. दोरा गुंडाळून झाला की ती विडी क्षणभर डोळ्यांसमोर धरते आणि काही वेळा काहीही न बोलता पुन्हा उलगडते. कारखान्यात माल तपासणाऱ्याने नापास करण्याआधी तिने स्वतःच ती नापास केलेली असते.

तुझ्या रेखाटनवहीतली किती पाने तू अशी स्वतःहून बाजूला काढली आहेस, हे मला पुढच्या पत्रात कळव.

म्हणून पहिला अभ्यास घरचाच देतो. काही दिवस फक्त तिचे हात काढ. चेहरा नको, कारण चेहऱ्याशी तुझे नाते फार जुने आहे आणि तो काढताना तू पाहण्याऐवजी आठवायला लागशील. कात्री धरलेला उजवा हात, पान फिरवणारा डावा हात, मांडीवरच्या सुपाची कड आणि तिच्यावर टेकलेले मनगट, एवढे पुरे. हात थांबत नाहीत, म्हणून रेघ लवकर टाकावी लागेल, चुकेल, पुन्हा टाकावी लागेल. घरी तुम्ही तेलुगू बोलता. तेव्हा अम्माशी गप्पा मारता मारताच तिला विचार की वाईट पान हाताला कसे कळते आणि पावसाळ्यात पानाचा स्वभाव कसा बदलतो. वही-पेन घेऊन मुलाखतीला बसू नकोस, ती अवघडून जाईल.

आता दोन चित्रकारांविषयी. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाला. त्यांची आई ते अगदी तान्हे असताना वारली; तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही आणि तिचे छायाचित्रही नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. मदर तेरेसा यांच्यावरची त्यांची चित्रमालिका मिळेल त्या पुस्तकात पाहा. पांढरी साडी, तिचे निळे काठ आणि मांडीवरचे मूल असे सगळे आहे, पण पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी केवळ अंधार आहे. इतका मोठा चित्रकार नाक-डोळे काढू शकत नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. जे ठाऊक नव्हते ते त्याने खोटे रंगवले नाही, आणि ती उणीव लपवण्याऐवजी कापडाच्या घड्यांकडूनच सगळे बोलवून घेतले. तुझ्याजवळ चेहराही आहे आणि घड्याही. पण जे पाहिलेले नाही ते सजावटीने भरून काढू नये, एवढे या चित्रांतून घेण्यासारखे आहे.

दुसरा अल्ब्रेख्त ड्यूरर, जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचा. त्याने 1514 साली आपल्या आईचे कोळशाने चित्र काढले. ती तेव्हा 63 वर्षांची होती, तिने अठरा मुलांना जन्म दिला होता, आणि चित्र काढल्यानंतर दोन महिन्यांतच ती वारली. गालफडे बसलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर आठ्या, असे ते चित्र आहे. मुलाने काहीही सौम्य केलेले नाही. त्याने चित्रावर तिचे वय लिहून ठेवले आणि नंतर तिच्या मृत्यूची नोंद शाईने त्याच कागदावर केली. मला या चित्रातले प्रेम त्या न टाळलेल्या शिरांमध्ये दिसते. आईला सुंदर दाखवण्याचा मोह तुला होईल, तेव्हा हे चित्र एकदा समोर ठेव.

इथवर वाचून तुला वाटेल की सर आता म्हणणार, घरातच सगळे आहे, कुठे जायची गरज नाही. तसे मी मुळीच म्हणणार नाही. आईच्या कामातून जी शिस्त मिळते तिला एक मर्यादा आहे, आणि ती मला चांगली ठाऊक आहे, कारण माझीही नोकरी तशाच कामात गेली. चादरींची आणि वॉल हँगिंगची डिझाइन मी ग्राफ कागदावर काढत आलो. एकेक चौकोन भरायचा, त्यावरून जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठ्याचे पत्ते पंच व्हायचे, आणि पत्त्यावर भोक आहे की नाही यावर उभा धागा उचलला जायचा किंवा खाली राहायचा. पहिल्या चादरीवरचा मोर आणि शेवटच्या चादरीवरचा मोर यांत फरक पडला तर तो दोष. तुझ्या आईची हजारावी विडीही पहिलीसारखीच असावी लागते, कारण मजुरी हजारावर ठरते. सारखेपणा हे आमच्या कामाचे यश असते. चित्रकाराला हातावरचा तो ताबा हवा, पण सारखेपणाची सवय जडली की तो संपतो. हे घरी बसून कळत नाही. दुसऱ्या कोणी केलेले वेगळे काम प्रत्यक्ष समोर उभे राहावे लागते.

वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. रोलरने रंग चढवायचा, सुरीने किंवा कागदाच्या तुकड्यांनी तो काही ठिकाणी उचलायचा, आणि बराचसा काळ केवळ विचारात घालवायचा, अशी त्यांची रीत होती. दिवसाला हजार आणि वर्षाला मूठभर, या दोन्ही रीतींत नापास करण्याची कठोरता सारखीच आहे. नापास कशाला म्हणायचे ते मात्र पार वेगळे आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा जो संग्रह ठेवला आहे, त्यात गायतोंडे यांची चित्रे आहेत. मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून आधी चौकशी करून जा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जहांगीर कलादालन आहे. 1952 साली सुरू झालेल्या या दालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि तिथली प्रदर्शने आठवड्याआठवड्याला बदलतात. पुष्कळदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. त्याला चित्राचा अर्थ विचारू नकोस. कॅनव्हासला अस्तर कशाचे दिले, हा निळा किती थरांत आला, असे विचार. कारागिराच्या लेकीला असे प्रश्न सहज सुचतात आणि चित्रकारही त्यांना मनापासून उत्तरे देतात.

तरीही पहिला प्रवास मी मुंबईचा करणार नाही. सोलापूरकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि तुमचे नातेवाईकही तिकडे आहेत. तिथल्या सालारजंग संग्रहालयात जोवान्नी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ‘व्हेल्ड रिबेका’ ही संगमरवरी मूर्ती आहे. तरुणीने तोंडावर झिरझिरीत पदर घेतला आहे आणि त्यातून तिचे नाक, ओठ, पापण्या दिसतात. पाहणारे ‘दगडाचे कापड!’ म्हणून नवल करतात आणि पुढच्या दालनात निघून जातात. तू जाऊ नकोस. मागवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीने त्या कापडाचा पोत ओळखायला हवा. पदर कुठे चेहऱ्याला चिकटला आहे आणि कुठे सुटला आहे, घडीची कड कुठे धारदार आणि कुठे गोल आहे, हे सावकाश शोध. पदर आणि चेहरा हे दोन थर नाहीत, सगळा एकच दगड आहे. केवळ उंचसखलपणाच्या फरकाने डोळ्याला दोन वस्तूंचा भास होतो. हा फरक वहीत सावल्यांनी उतरवून आण. चित्र असो वा शिल्प, आधी दुरून पाहा, मग जवळून, मग पुन्हा दुरून. ग्राफचे चौकोन नाकाशी धरले तर त्यात मोर दिसत नाही, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले तर मोर कसा घडवला ते दिसत नाही, हे तू माझ्या टेबलाशी उभी राहून अनेकदा अनुभवले आहेस.

एका भेटीत सगळे संग्रहालय संपवण्याचा हट्ट धरू नकोस. पाच-सहा वस्तूंपुढे बसायला मिळाले तरी दिवस सत्कारणी लागला असे समज. मोबाइलने फोटो काढायचाच असेल तर आधी रेखाटन कर, फोटो नंतर. उलट केलेस तर रेखाटन होतच नाही, असे माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी पाहिले आहे.

पुढे सवड होईल तेव्हा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. दिनकर केळकर यांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ ते उभे केले. तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू काचेमागे मानाने मांडल्या आहेत. तुझ्या आईचे सूप आणि कात्री यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तिथे आपोआप येईल. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प एवढ्याशा गावात एका छपराखाली पाहायला मिळते, यावर प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही. मूरच्या त्या आईला नाकडोळे रेखीव नाहीत. रविवर्म्याच्या बायकांचा दागिनान् दागिना रेखीव आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहा आणि कोणते पटले ते प्रामाणिकपणे लिहून ठेव. माझे मत मी आत्ता सांगणार नाही.

हैदराबादला आईलाही बरोबर ने. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ती नाही म्हणेल, तर वडिलांना मध्ये घाल. संग्रहालयात तिला काहीही समजावून सांगू नकोस. ती ज्या वस्तूपुढे थांबेल तिथे तूही थांब आणि ती काय म्हणते ते ऐक. रिबेकाच्या पदराविषयी तिचे मत मला मुद्दाम कळव, कारण कापडाच्या बाबतीत तिचा शब्द मी कोणत्याही समीक्षकापेक्षा वरचा मानतो.

सालारजंग शुक्रवारी बंद असते, तेव्हा गुरुवारी रात्रीची गाडी धरू नका. सोबत पेन्सिलच ठेव, कारण शाई आणि रंग बहुतेक संग्रहालयांत चालत नाहीत. बसायला जागा मिळेलच असे नाही, म्हणून वही जाड पुठ्ठ्याची असावी. परत आल्यावर हातांची रेखाटने आणि हैदराबादची वही अशा दोन्ही घेऊन रविवारी सकाळी घरी ये. बाजूला काढलेली पानेही फाडून न टाकता बरोबर आण, ती मला आधी पाहायची आहेत. दुपारी मी क्लासला असतो.

वडिलांना नमस्कार आणि अम्मांनाही.

तुझा,
सर