बाटलीवरचे ३७ टक्के आणि फ्लास्कमधली मोलॅरिटी

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३७ टक्के लिहिले आहे. त्यावरून ते १०.१५ मोलर (म्हणजे लिटरमध्ये १०.१५ मोल; मोल हे पदार्थाचे रेणू मोजण्याचे एकक) धरले आणि ४.९३ मिली आम्ल ५०० मिलीपर्यंत विरल केले. ०.१ मोलर यायला हवे होते, टायट्रेशनमध्ये (तीव्रता माहीत असलेल्या पदार्थाशी अभिक्रिया करून मोजल्यावर) ०.११८ आले. पिपेट आणि ब्युरेट दोन्ही तपासून झाले. चूक कुठे आहे?

उत्तर : उपकरणे निर्दोष आहेत, चूक टक्क्यांच्या अर्थात आहे. हे टक्के वजनाचे : १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. तुम्ही तेवढे १०० मिलीत धरले. या आम्लाची घनता १.१८ ग्रॅम प्रति मिली असते, म्हणजे लिटरभर आम्लाचे वजन ११८० ग्रॅम भरते. त्यातले ३७ टक्के ४३६.६ ग्रॅम झाले. त्याला ३६.४६ या मोलर वस्तुमानाने भागा, ११.९७ मोल येतात. आता ४.९३ × ११.९७ ÷ ५०० करून पाहा, उत्तर ०.११८. टायट्रेशन तुम्ही अगदी नीट केले आहे!

योग्य आकारमान ०.१ × ५०० ÷ ११.९७, म्हणजे ४.१८ मिली. काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. फ्लास्कमध्ये आधी साधारण ३०० मिली डिस्टिल्ड पाणी, मग आम्ल. उलटा क्रम कधीही नको. हलवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्यानंतरच खुणेपर्यंत भरा. कोमट द्रावण खुणेपर्यंत भरले तर निवल्यावर पातळी खाली उतरते, म्हणजे द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र झालेले असते.

तरीही लेबलवर ०.१०० लिहिण्याची घाई नको. वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू उडून जातो आणि ३७ टक्के पुरते उरत नाहीत. नेमका आकडा हवा असेल तर वाळवलेल्या निर्जल सोडियम कार्बोनेटशी टायट्रेशन करावेच लागते. ०.१३२५ ग्रॅम कार्बोनेटला ०.१ मोलर आम्ल २५.० मिली लागते, कारण एका मोल कार्बोनेटला दोन मोल आम्ल खर्च होते. हा दोनाचा गुणक विसरला की उत्तर थेट निम्मे येते.

प्रश्न : मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) ०.१ मोलर द्रावण करण्यासाठी लिटरला १५.९६ ग्रॅम घेतले. ते कमी का भरले?

उत्तर : १५९.६ हे निर्जल कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान. निळ्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, त्याचे २४९.७. तुमचे द्रावण ०.०६४ मोलर झाले. लिटरला २४.९७ ग्रॅम घ्या. वजन करण्याआधी लेबलवरचे सूत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइड चार दशांश स्थळांपर्यंत तोलून ४.०००० ग्रॅम लिटरभर पाण्यात घेतले, तरी द्रावण ०.०९६ मोलरच कसे?

उत्तर : इथे काट्याची अचूकता वाया जाते. गोळ्या मुळातच १०० टक्के शुद्ध नसतात. शिवाय तोलता तोलता त्या हवेतला ओलावा शोषतात, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे काही भागाचे कार्बोनेट होते. म्हणून साध्या काट्यावर ४.२ ग्रॅमच्या आसपास घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बुचाची बाटली नको, बूच चिकटून बसते.

अचूकता लागते ती पुढे. ११० अंश सेल्सिअसला वाळवलेले पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (मोलर वस्तुमान २०४.२२) ०.५१०६ ग्रॅम तोला, हे २.५०० मिलिमोल झाले. पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाका आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत ब्युरेटमधून हायड्रॉक्साइड सोडा. समजा २४.४० मिली लागले, तर २.५०० ÷ २४.४० = ०.१०२५ मोलर. तीन वाचने ०.१ मिलीच्या आत जुळली की सरासरी बाटलीवर तारखेसह लिहा. ०.१०२५ खोडून ०.१ करू नका. पुढच्या प्रत्येक हिशेबात हाच आकडा वापरायचा आहे.