वर्गाच्या छताखाली काय टांगावे आणि कसे टांगावे

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, मंगळुरी कौलांची जुनी खोली, मधोमध एक पंखा आणि पहिली-दुसरीची एकत्र बसणारी 18 मुले. भिंतींवर तक्त्यांमुळे जागा उरलेली नाही, म्हणून सूर्यमाला, मुळाक्षरे आणि मुलांची चित्रे वरून टांगावीत असा आपला विचार आहे. परंतु वाशांना खिळे मारण्यास मुख्याध्यापिकांची हरकत आहे, आणि गेल्या पावसाळ्यात टांगलेले सारे कागद आठ दिवसांत लोळागोळा झाले. मी फोंडा तालुक्यात 27 वर्षे याच वर्गांना शिकवले आहे आणि यातल्या बहुतेक चुका स्वतः करून पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुख्याध्यापिकांची हरकत मला रास्त वाटते. जुना वासा बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून वाळवीने पोखरलेला असू शकतो, आणि खिळा ठोकताना बसणाऱ्या हादऱ्याने कौल जागचे हलले तर जूनमध्ये त्याच जागी गळती लागते. शिवाय प्रत्येक वस्तूसाठी बाकावर स्टूल ठेवून वर चढणे हा या कामातला खरा धोका आहे. म्हणून छताला वस्तू टांगू नका, एक चौकट टांगा, आणि तीही वरखाली होणारी असावी. गॅलरीत कपडे वाळत घालण्यासाठी कप्पीवर वरखाली होणारे दांडे असतात, तीच युक्ती येथे चालते. तुळईला खिळा न मारता दोराचा दुहेरी वेढा घालावा, त्यात दोन लहान कप्प्या अडकवाव्यात, आणि त्यांवरून आलेले दोन्ही दोर भिंतीवर मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवरच्या आकड्याला बांधावेत. तुळई शाबूत आहे की नाही, हे मात्र आधी सुताराकडून ठोकून पाहून घ्यावे.

चौकटीचा नमुना शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण जी माटोळी बांधतो, ती टांगलेल्या मांडणीची उत्तम शाळा आहे. लाकडाची किंवा बांबूची जाळीदार चौकट, तिला अंतराअंतराने बांधलेले कांगलां, घागऱ्या, कवंडळ, आंबाडे, तोरिंग, निरफणस, सुपारीचा घड. जड वस्तू आधाराजवळ, हलक्या मध्ये, आणि प्रत्येक फळ खालून पाहणाऱ्याला वेगळे ओळखू येईल इतकी मोकळी जागा. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी सजवलेल्या चौकटी पाहिल्या, तर शेकडो वस्तू असूनही गर्दी कशी वाटत नाही हे कळते. वर्गासाठी 2 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद अशी बांबूची चौकट पुरेशी होते. तिच्यावरचा सगळा भार मी कधीही तीन किलोपलीकडे जाऊ दिला नाही.

आता जागा. आपल्याकडच्या छताच्या पंख्याचा व्यास बहुधा 1200 मिलीमीटर असतो, म्हणजे पात्याचे टोक मध्यापासून 60 सेंटीमीटरवर फिरते. एक मीटर लांबीच्या दोऱ्यावरची हलकी वस्तू वाऱ्याने 30 अंशांपर्यंत झुलली, तर ती बाजूला अर्धा मीटर जाते. या दोहोंची बेरीज करून वर थोडी मोकळीक धरली, तर पंख्याच्या मध्यापासून दीड मीटरच्या आत काहीही टांगू नये. आपली खोली अंदाजे 6 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे असे धरले, तर फळ्याजवळ आणि मागच्या भिंतीजवळ दीड-दीड मीटरची पट्टी मोकळी राहते. यांतली मागची पट्टी निवडावी. दोरे तोकडे ठेवावेत आणि वस्तूचे खालचे टोक आपण हात वर केल्यावर जेमतेम लागेल इतक्या उंचीवर असावे. दिव्यांपासून आणि विजेच्या तारांपासून कागद दूर ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

मागची पट्टी निवडण्याचे दुसरेही कारण आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 2014 साली बालवर्गातल्या 24 मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, सजावटीने भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे 39 टक्के वेळ पाठाबाहेर गेले, तर मोकळ्या भिंतींच्या खोलीत सुमारे 28 टक्के; शिकलेलेही मोकळ्या खोलीतच अधिक लक्षात राहिले. मुले थोडी आहेत, त्यामुळे या आकड्यांचे स्तोम मी माजवणार नाही, पण माझा अनुभव तोच आहे. फळ्याच्या वर झुलणारा मासा असेल, तर वजाबाकी माशाकडेच जाते. पाठीमागे टांगलेली वस्तू मात्र तिच्या वेळी, सगळ्यांनी तिच्याखाली गोल करून बसण्यासाठी कामाला येते.

शेजारची खोली स्लॅबची आहे असे आपण लिहिले आहे. तेथे स्लॅबला भोके पाडू नयेत, कारण आतून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधावी, पण ती वीणेच्या तारेसारखी ताणण्याचा मोह टाळावा. 6 मीटरच्या तारेवर तीन किलो भार सारखा पसरला असताना मध्ये केवळ 5 सेंटीमीटर झोळ ठेवला, तर दोन्ही टोकांच्या आकड्यांवर सुमारे 45 किलोंची ओढ येते. झोळ 15 सेंटीमीटर केला, की तीच ओढ 15 किलोंवर उतरते. आकडा गिलाव्यासकट उपटून आलेला मी पाहिला आहे, आणि त्या वेळी भार नव्हे, आमची टापटीप नडली होती.

पावसाळ्याविषयी थोडक्यात सांगते. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत कागद टिकत नाही, म्हणून त्या काळात कापड, करवंट्या, नारळाच्या झावळीचे हीर, सुकलेल्या शेंगा आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात. कागदकाम दिवाळीनंतर करावे. कणकेची खळ अजिबात नको, कारण तिच्यामागे झुरळे आणि कसर येते. साधा सुती दोरा ओलावा धरतो, त्याऐवजी मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घ्यावी. तिची गाठ मात्र गुळगुळीतपणामुळे सुटते, म्हणून दोनदा वेढा घालून गाठ मारावी आणि टोक अर्धा इंच राखून कापावे.

सूर्यमालेसाठी थर्माकोलचे गोळे आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. फुग्यावर कागदाच्या लगद्याचे थर देऊन हलके गोळे होतात, तेही हिवाळ्यात. पण एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी: टांगलेली सूर्यमाला क्रम दाखवते, अंतर दाखवत नाही. सूर्य 22 सेंटीमीटरच्या फुटबॉलएवढा धरला, तर पृथ्वी 2 मिलीमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी होते आणि ती साडेतेवीस मीटर दूर जाते. मी दरवर्षी चौकटीखाली सूर्य ठेवून मुलांना मोहरीचा दाणा हातात देऊन अंगणात पाठवत असे. दाणा हरवतोच, तो शोधताना जी चर्चा होते, तिच्यासाठी मी सूर्यमाला टांगत असे.

मुळाक्षरांविषयी मला अधिक आस्था आहे, कारण आपली लिपीच टांगलेली आहे. शिरोरेषा ही दोरी, अक्षरे तिला लोंबणारी. बांबूची एक कामटी शिरोरेषा समजून टांगावी आणि पुठ्ठ्याला कापड चिकटवून कापलेली अक्षरे लाकडी चिमट्यांनी तिला लावावीत; मुले कामटी खाली घेऊन "कमल"चे "कलम" करतात. उकार खाली सहज लोंबतो, पण वेलांटी आणि मात्रा रेषेच्या वर जातात, त्या तारेच्या करून कामटीत खोचाव्या लागतात. वेलांटी वेगळी का वागते हे मुलांच्या हातांना त्यातूनच कळते. शब्द एकाच कामटीवर असल्याने तो फिरत नाही. सुटी अक्षरे टांगली तर ती स्वतःभोवती फिरतात आणि निम्मा वेळ उलटी दिसतात, म्हणून तशी टांगायचीच असतील तर दोन्ही बाजूंनी अक्षर हवे. अक्षराची उंची किमान 5 सेंटीमीटर ठेवावी.

मुलांची चित्रे झुलत्या तराजूसारखी टांगता येतात. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकी शिल्पकाराने 1930 च्या दशकात अशा झुलत्या रचनांना कलेत स्थान मिळवून दिले, पण आपल्याला त्यासाठी झावळीचे हीर पुरतात. सर्वांत खालच्या हिरापासून सुरुवात करावी, त्याला दोन चित्रे बांधून तोल जेथे साधतो तेथे दोरा बांधावा, आणि तो दोरा वरच्या हिराच्या टोकाला जोडावा. वरून सुरुवात केली तर प्रत्येक नव्या चित्रागणिक सगळे पुन्हा बिघडते. जड बाजूला दोरा सरकवायचा, हे पहिलीतले मूल दोन प्रयत्नांत शिकते.

चतुर्थीच्या सुट्टीआधी वर्गाची लहान माटोळी जरूर करावी, मुलांनी प्रत्येक वस्तूचे घरातले कोंकणी नाव आणि पुस्तकातले मराठी नाव शेजारी लिहावे. फक्त जड फळे टांगू नयेत, त्यांची चित्रे टांगावीत. एका वर्षी मुलांच्या आग्रहाला बळी पडून मी एक चिबूड टांगला. तो पिकला की फुटतो हे घरी मला ठाऊक होते, शाळेत आठवले नाही. मध्ये दोन दिवस सुट्टी आली, आणि तिसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा चिबूड मागच्या बाकावर, दप्तराच्या फळीवर आणि मुंग्यांच्या एका लांबलचक रांगेत वाटला गेला होता. त्या दिवशी दुसरीच्या मुलांनी मुंग्या मोजल्या. 200 पर्यंतची संख्या त्यांना तेव्हाच आली.

चौकट आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी, खाली घ्यावी. कुंभारीण माशी मातीचे घर बांधू लागलेली असते, पाल कुठेतरी लपलेली असते, एखादी तंगूस झिजलेली असते. त्याच वेळी दोन जुन्या वस्तू काढून एकच नवी लावावी.