रविवारचं शुभवर्तमान आठवडाभर जगण्यात कसं उतरवायचं?

शुभवर्तमान म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा भाग. रविवारी चर्चमध्ये त्यावर होणाऱ्या उपदेशातला एकच मुद्दा धरा आणि चर्चच्या बाहेर पडायच्या आत ठरवा, तो कुणाच्या बाबतीत आणि कोणत्या वारी करायचा. "जास्त प्रेम करीन" असं मोघम ठरवलेलं बुधवारपर्यंत विरून जातं. नाशिकला आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात हे वारंवार दिसलंय. येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या (मत्तय २०:१-१६). दिंडोरी-निफाडकडे ज्याची द्राक्षबाग आहे त्याला तो वेगळा समजवावा लागत नाही. धनी मजुरी त्याच संध्याकाळी देतो, आणि शेवटचा तासभरच राबलेल्यालाही पूर्ण दिवसाची. मग छाटणीचे जे पैसे "शनिवारी बघू" म्हणत अडकवलेत, ते सोमवारीच चुकते करायचे. बाग नसेल तर घरकामाच्या मावशींचा पगार आहेच: लेकरू तापानं फणफणलं म्हणून झालेले दोन खाडे कापायचे नाहीत.

मात्र हा दाखला मुळात देवाच्या कृपेबद्दल आहे, मजुरीच्या हिशेबाबद्दल नाही. म्हणून प्रत्येक वचनातून काहीतरी काम काढायचाच हट्ट धरू नका. एखाद्या रविवारी ते नुसतं मनात घोळवत प्रार्थनेला बसलात तरी चालेल.