रोजी पडते, पण खेळ सुटत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दिग्रस तालुक्यातला, वय २४, मंडळाकडून कबड्डी खेळतो, रेडर आहे. मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या मॅचेस पाहत राहतो, आपल्यासारखंच धरणं-पाडणं हाय त्यात. घरी बाबा म्हणतेत खेळून पोट भरत नाही, अन खरंच मॅच असली की त्या दिवसाची रोजी पडते. मले इचारायचं होतं, ते लोक खेळ संपल्यावर काय करतात? अन आपण धंद्यात केव्हा उतरावं, आत्ता का खेळ सोडल्यावर?

उत्तर : भाऊ, तुझ्या पत्रातलं ते "रोजी पडते" वाचलं अन मी तिथंच थांबलो, कारण रग्बी लीग हा खेळच मुळात रोजी पडते म्हणून वेगळा निघालेला आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये रग्बी खेळणारी पोरं म्हणजे कोळशाच्या खाणीतले नाहीतर कापडगिरणीतले कामगार (त्या लँकेशायरच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या वऱ्हाडाचा कापूस जायचा), मॅचसाठी काम सोडलं की मजुरी कापली जायची. क्लबवाले म्हणाले ती बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो, तर रग्बीच्या मुख्य संघटनेनं १८९३ ला मतदान घेतलं अन २८२ विरुद्ध १३६ नं तो ठराव पाडला. मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब बसले, वेगळे झाले अन बुडालेल्या दिवसाचे ६ शिलिंग द्यायचे असं ठरलं. मला तर त्याच्या पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १८९८ ला त्यांनी खेळायचे पैसे द्यायला उघड परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला बाहेर नेहमीचं काम असलंच पाहिजे, नुसता खेळून खाणारा चालणार नाही. ती अट काही वर्षांनी गेली, तरी इंग्लंडात बरेचसे खेळाडू पुढं कित्येक वर्षं दिवसा काम अन संध्याकाळी प्रॅक्टिस असंच करत राहिले, १९९६ ला सुपर लीग ही तिथली मोठी स्पर्धा आल्यावर पूर्ण वेळ खेळणं सर्रास झालं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, आत्ताच उतर. खेळ सोडू नको, पण काम सोबत सुरू कर.

ते लोक काय करतात म्हणशील तर तीन माणसं सांगतो. बिली बोस्टन, वेल्समधल्या कार्डिफचा पोरगा, १९५३ ला विगन क्लबनं ३,००० पौंड देऊन घेतला, विगनसाठी ४७८ ट्राय केले (ट्राय म्हणजे पलीकडच्या रेषेपार जाऊन बॉल जमिनीला टेकवायचा). एवढा मोठा खेळाडू, खेळ संपल्यावर त्यानं काय केलं, तर विगनच्याच मैदानाजवळ ग्रिफिन नावाचं पब चालवलं. २०२५ ला त्याला 'सर' किताब मिळाला, रग्बी लीगमधला पहिलाच माणूस. दुसरा पीटर विन, सिडनीजवळच्या पॅरामाटा क्लबकडून खेळायचा, त्यानं पॅरामाटातच खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं अन ते तीस वर्षांवर चाललं. तिसरा जॉर्ज पिगिन्स, साऊथ सिडनी क्लबचा खेळाडू, त्यानं ट्रकचा धंदा केला अन त्यात चांगला पैसा कमावला, पुढं आपल्याच क्लबचा अध्यक्ष झाला. १९९९ च्या सीझननंतर त्याचा क्लब लीगमधून काढून टाकला तेव्हा हा माणूस कोर्टात गेला, २००१ ला अपील जिंकलं अन २००२ ला क्लब परत मैदानात आला.

बघ, तिघांनीही काही आभाळातला धंदा शोधला नाही. दोघांनी तर ज्या गावात नाव होतं तिथंच बस्तान मांडलं.

पण गावात नाव असण्याची दुसरी बाजू माझ्या घरात घडलेली आहे ती सांगतो. माझा मोठा भाऊ जिल्ह्याकडून कबड्डी खेळायचा, २९ व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तोवर त्यानं दुसरं काहीच केलेलं नव्हतं. मग घाईघाईत कृषी केंद्र टाकलं, बियाणं-खत-फवारणीचं औषध. पहिल्याच खरिपात दुकान गच्च, कारण सगळा तालुका त्याला ओळखायचा, अन सगळा तालुका उधारीत घेऊन गेला, कापूस विकला की देतो म्हणून. त्या साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, शेतकऱ्याजवळच नव्हतं तर तो देणार कुठून, अन ज्यांच्या खांद्यावर बसून मिरवला त्यांच्या दारात वसुलीला जायची माझ्या भावाची हिंमत झाली नाही. दोन वर्षांत शटर पडलं. तो माणूस वाईट नव्हता, धंदा शिकायला त्याला वेळच मिळाला नव्हता. तुला तो वेळ आहे, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितो आहे.

तुझ्यासारख्याला काय जमेल? तुला माहीत असलेलंच घे. स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येक टीमला १२ छापील टी-शर्ट लागतात, नी-कॅप लागतात, मंडळाला ट्रॉफ्या लागतात, अन त्यासाठी पोरं यवतमाळ नाहीतर अमरावतीला जातात. आधी दुकान नको, ऑर्डर घ्यायची, अर्धे पैसे ॲडव्हान्स, छापून आणून द्यायचं. एक सीझन असं करून बघ, हिशोबाची वही स्वतः लिही. जमलं तर मग गाळा बघू.

प्रश्न : मुंबईत रग्बीची लीग झाली म्हणतात, ती हीच का? – एक वाचक, वणी

उत्तर : नाही. जून २०२५ ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची, रग्बी युनियनच्या घरातली, म्हणजे १८९५ ला ज्यांच्यातून रग्बी लीगवाले वेगळे झाले त्यांच्या खेळाची. रग्बी लीगमध्ये १३ जण खेळतात, ८० मिनिटं, अन सहा वेळा पकडले गेले की बॉल समोरच्याला द्यावा लागतो.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा राज्य पातळीवर खेळला, आता २७ चा आहे. जिम टाकतो म्हणते, त्यासाठी दोन एकर विकू म्हणते. ह्यांचाही कल त्याच्याकडेच. मला झोप नाही. – एक आई, आर्णी तालुका

उत्तर : ताई, जमीन विकू नका, हे मी अगदी स्पष्ट लिहितो. मुलाच्या मनात खोट नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी जिमची मशीनं एकदा घेतली की त्यांचा भाव अर्ध्यावर येतो, अन शेत गेलं तर परत त्याच भावात मिळत नाही.

त्याला आधी दोन गोष्टी करायला सांगा. एक, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचं प्रमाणपत्र त्यात बसतं का ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून यावं, अन बसत असेल तर पडताळणीचं काम लगेच सुरू करावं, वय थांबत नाही. दुसरं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं प्रत्येक गावात आहेत, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर अन गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, अन त्यांना नीट शिकवणारं कोणी नसतं, यूट्यूब पाहून पळतात अन पायाचं हाड दुखवून घेतात. शाळेच्या मैदानाची रीतसर परवानगी काढून सकाळी ५ ची बॅच सुरू करायची, खर्च म्हणजे एक स्टॉपवॉच, दोन गोळे अन चुना. वर्षभरात पंधरा-वीस पोरं टिकली तर भाड्याच्या हॉलमध्ये थोडी वजनं घेऊन जिमचं बघता येईल, त्याच्या स्वतःच्या कमाईतून. अन फी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची, नातेवाइकाच्या पोराकडूनही. हे काम त्याला जमत नसेल तर तुम्ही वही तुमच्याकडे ठेवा.