लेस्टरला जन्मलेली भाची इंग्लिश की ब्रिटिश?

तुम्ही विचारलंय की तुमच्या बहिणीची मुलगी इंग्लंडमधल्या लेस्टरला जन्मली, तिथल्याच शाळेत जाते, मग ती इंग्लिश की ब्रिटिश, आणि मुळात या दोन्हींत फरक तो काय. मी बरीच वर्षं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतोय. इथे हा फरक पावलोपावली जाणवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदोपत्री मामला सोपा आहे. ब्रिटिश हे नागरिकत्व. पासपोर्ट ब्रिटिश असतो. इंग्लिश पासपोर्ट नावाची गोष्टच नाही. आणि नुसतं तिथे जन्मल्याने हे नागरिकत्व मिळत नाही, हेही बहिणीला ठाऊक असू द्या. १ जानेवारी १९८३ पासून नियम असा आहे की जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात, नाहीतर तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेले. तसं नसेल तर मुलांसाठी पुढे वेगळा अर्ज करावा लागतो.

इंग्लिश असणं हे मात्र स्कॉटिश किंवा वेल्श असण्यासारखं आहे. इंग्लंड हा युनायटेड किंग्डमच्या चार भागांपैकी एक. बाकीचे तीन स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. वेल्स सोळाव्या शतकात कायद्याने इंग्लंडला जोडलं गेलं. स्कॉटलंडशी १६०३ मध्ये राजा एक झाला आणि १७०७ मध्ये संसद एक झाली. तरी स्कॉटलंडने आपले कायदे, कोर्टं, चर्च आणि शिक्षणपद्धती स्वतःकडेच ठेवली. आजही ग्लासगोत एटीएममधून पैसे काढले की बँक ऑफ स्कॉटलंडची, स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं चित्र असलेली नोट हातात पडते. पौंड तोच, पण लंडनच्या दुकानात तीच नोट दिली तर गल्ल्यावरचा माणूस ती उलटीपालटी करून बघतो.

सगळ्यांनी मिळून ब्रिटिश व्हायला मोठं कारण ठरलं ते साम्राज्य. १७०७ नंतर ईस्ट इंडिया कंपनीतल्या नोकऱ्यांची दारं स्कॉटिश तरुणांना उघडली आणि ते मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आले. आपल्याकडचीच नावं घ्या. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्यांच्यामागून आलेले जॉन माल्कम, साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन. आपण सरसकट इंग्रज म्हणतो, पण हे चौघेही स्कॉटिश.

आता खरी गुंतागुंत. स्कॉटिश आणि वेल्श माणूस हा फरक काटेकोरपणे पाळतो. इंग्लंडमध्ये दोन्ही ओळखी एकमेकींत मिसळून गेल्यात. स्कॉटलंडला १९९९ मध्ये स्वतःची संसद मिळाली, वेल्सलाही सभागृह मिळालं, इंग्लंडला वेगळी संसद आजही नाही. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत इंग्लंड खेळत होतं, आणि प्रेक्षकांच्या हातात युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचे झेंडे फडकत होते. पांढऱ्यावर लाल क्रॉसचा सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडचा झेंडा स्टेडियमभर दिसला तो १९९६ च्या युरो स्पर्धेत.

जनगणनेचे आकडे तर बघण्यासारखे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ साली ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त इंग्लिश म्हटलं, २०२१ साली जेमतेम १४.९ टक्क्यांनी. फक्त ब्रिटिश म्हणणारे १९.१ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत लोकांचं मन एवढं पालटलं का? त्याहून साधी गोष्ट घडली होती. इंग्लंडच्या फॉर्मवर आधी 'इंग्लिश' हा पर्याय पहिला होता, नंतर 'ब्रिटिश' वर आला, आणि बऱ्याच जणांनी पहिल्याच चौकोनात खूण केली. सांख्यिकी कार्यालयानेही मुख्यतः हेच कारण दिलं.

पण आपल्यासारख्यांच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न बोचरा होतो. त्यांना ब्रिटिश म्हणायला फारसं कुणी हरकत घेत नाही. इंग्लिश म्हटलं की काही लोक वंश काढतात. साउथॅम्प्टनला जन्मलेले, पंतप्रधान राहिलेले ऋषी सुनक इंग्लिश आहेत का, यावर २०२५ मध्ये जाहीर वाद झाला. स्वतः सुनक म्हणाले, अर्थातच आहे. माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचा जन्मही इंग्लंडमधलाच, पण त्यांनी स्वतःबद्दल उलटं लिहिलं. मला सुनक यांचं पटतं. ज्या गावात पोर रांगायला लागलं, जिथली बोली तिच्या तोंडात बसली, ते गाव तिचं नाही असं सांगायचा अधिकार मी कुणालाच देणार नाही. स्कॉटलंडमध्ये पाकिस्तानी वंशाचे हमजा युसुफ २०२३ मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख झाले. त्यांना स्कॉटिश म्हणताना माझ्या आसपास कुणी अडखळलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा नागरिकत्व असेल तर भाची ब्रिटिश आहेच, आणि इंग्लिश म्हणवून घ्यायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. जनगणनेच्या त्या प्रश्नात लागू असतील तेवढ्या सगळ्या चौकोनांत खूण करायची मुभा होती, आणि शेवटी 'भारतीय' असं हाताने लिहायलाही जागा होती.